अक्कलदाढेचे वाचक

आपली बायको लेखिका आहे हे मिस्त्रीला लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही लोकांनी तिला घातलेल्या शिव्या वाचून.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचा मिस्त्री. गावातल्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. कुठे दार लागत नाही, कुठे केबिन मजल्याच्या चार बोटं खाली थांबते, कुठे कुणी आत अडकलंय, की फोन यायचा आणि हा पिशवी उचलून निघायचा. बायको दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यावरून ती मेणाचे दात कोरायची, मग त्यांच्या कॅपा आणि कवळ्या व्हायच्या. अनोळखी माणसाचा दात त्याच्या शेजारच्या दाताशी रंगाने असा जुळवायची, की त्या माणसाला स्वतःलाही पुढे आठवू नये खोटा कुठला ते.

रविवारी सकाळचं आवरलं की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी टॅबलेट घेऊन बसायची ती थेट दुपारी उठायची. "काय करतेस गं?" असं त्याने कधीतरी विचारलं होतं. "थोडं लिहायचंय," ती म्हणाली होती. लॅबचं काहीतरी असेल, असं धरून तो चालला. तीन वर्षं चालला.

त्या वर्षी त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हातारी जिभेची तिखट आणि स्वभावाची घाईची. तिला तीन महिने पलंगावर बसवून ठेवणं म्हणजे वादळ डब्यात भरून ठेवण्यासारखं होतं. बायकोने लॅबमधून रोज अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सासूला आंघोळ घालायची, पाय वर-खाली करून घ्यायची, संडासाला धरून न्यायची, आणि वर "जरा हळू, तुला काय घाई आहे?" हे ऐकून घ्यायची. ते ऐकून ती हसायची. मिस्त्रीला वाटायचं, माझी बायको आहे म्हणून नाही, पण ही बाई खरंच वेगळ्या मातीची आहे.

एका संध्याकाळी व्यायामाचा कागद सापडेना. "टॅबलेटमध्ये फोटो काढून ठेवलाय, बघा," बायको आतून ओरडली. त्याने टॅबलेट उघडला. समोर फोटो नव्हता, एक पान होतं. वर लिहिणारीचं नाव होतं 'अक्कलदाढ' (दात कोरणारीशिवाय असं नाव कोण घेणार?), आणि खाली ओळीने लोकांनी लिहिलेलं:

"पुढचा भाग कुठे आहे?"

"सहा आठवडे झाले. झोपलात की काय?"

"सुरू करता येतं तर संपवता यायला हवं. जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी द्या लिहायला."

"डॉक्टरीण आणि तांडेल यांचं लग्न पुढच्या भागात झालंच पाहिजे. अडुसष्ट भाग वाट बघितली. आता आमचा अंत पाहू नका."

"मागचा भाग आखूड होता. हे चालणार नाही."

"अक्कलदाढबाई, बोटीतलं ज्याला काडीचं कळत नाही त्याने बोटीवर लिहू नये. सहासष्टाव्या भागात निव्वळ मूर्खपणा आहे."

शेवटचं लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'जुना खलाशी' असं ठेवलं होतं. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काय आहे ते त्याला कळलं नव्हतं, पण कुणीतरी आपल्या बायकोशी असं बोलतंय एवढं कळलं होतं. टॅबलेट घेऊन तो तसाच आत गेला.

बायको आईच्या पायाखाली उशी सरकवत होती. तिने पान बघितलं आणि कानापर्यंत लाल झाली. "अहो, हे नव्हतं उघडायचं."

"कोण आहेत हे लोक?"

"वाचक आहेत."

"कशाचे?"

मग ते बाहेर आलं. चार-पाच वर्षांपूर्वी दोघं मिळून टीव्हीवर एक मालिका बघायचे, 'बोट क्रमांक नऊ' नावाची. एका मोठ्या नदीवर फिरत्या दवाखान्याची बोट. तिच्यावर एक डॉक्टरीण, एक जुना तांडेल सुकाणू धरणारा, आणि एक परिचारिका. मिस्त्रीला आठवलं. मालिकेच्या दुसऱ्या वर्षी पूर आला, बोट एकतीस माणसं घेऊन पुरात सापडली, इंजिन बंद पडलं, आणि वाहिनीने नेमकी तिथेच मालिका गुंडाळली. पुढचा भाग आलाच नाही. बायको तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती.

"मला राहवेना," ती म्हणाली. "एकतीस माणसं तशीच पाण्यात सोडून द्यायची का? मग मीच लिहिलं पुढे. आवडत्या मालिकेतली माणसं घेऊन आपण आपली गोष्ट लिहायची, लोक लिहितात असं. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. ते एका साइटवर टाकायचं, ज्याला हवं तो वाचतो. मला वाटलं होतं दहा-वीस जण वाचतील."

"किती वाचतात?"

तिने खाली बघून सांगितलं, "नऊ हजारांच्या आसपास."

पलंगावरून आई म्हणाली, "नऊ हजार काय?"

"नऊ हजार माणसं हिचं लिहिलेलं वाचतात, आई."

"आणि मी इथे सहा आठवडे भिंत वाचतेय," म्हातारी म्हणाली.

मिस्त्रीचा राग काही उतरला नव्हता. "आणि ते असं बोलतात तुला? तुला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. पहिल्या वेळी लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन रडले होते." तिने उशी नीट केली. "पण बघा ना, त्यांनाही ती माणसं खरी वाटायला लागली आहेत. माझ्यावर ओरडतात ते त्यासाठीच. निम्म्यांना तर बोलायची रीत नाही, एवढंच."

मिस्त्रीला ते पटलं नाही. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुऊन तो आईच्या पलंगाशी खुर्ची ओढायचा आणि पहिल्या भागापासून मोठ्याने वाचायचा. बायको लाजून स्वयंपाकघरात पळायची आणि भांडी जरा जास्तच वाजवायची.

शाळा सुटल्यावर त्याने सूचनाफलक आणि यंत्रांच्या पुस्तिका सोडून फारसं काही वाचलं नव्हतं. पहिले दोन-तीन भाग तो अडखळत वाचत राहिला. चौथ्याला विसरला की आपण वाचतोय. पुराचं पाणी बोटीच्या फळीवर कसं चाटत येतं, भिजलेल्या माणसांचा वास कसा असतो, डॉक्टरीण घाबरली की औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे कशी लावत बसते, हे सगळं त्याच्या ओळखीच्या बाईने, रोज त्याच्यासमोर बसून जेवणाऱ्या बाईने लिहिलं होतं. कामावर असताना त्याला मध्येच आठवायचं, की आज सतरावा भाग, आज त्या पोराचं अपेंडिक्स. एका इमारतीतल्या आजोबांनी त्याला हटकलं सुद्धा, "मिस्त्री, एकटेच काय हसताय?"

तेविसाव्या भागाशी तो थबकला. त्यात बोटीच्या खालच्या खोलीचं दार फुगून बसतं आणि आत एक बाई अडकते. ती किंचाळायला लागते. तांडेल दाराबाहेर मांडी घालून बसतो. घाबरू नका, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, "बाई, आत भिंतीवर एक पाटी आहे. माझा चष्मा वर राहिलाय. तिच्यावर काय लिहिलंय तेवढं मला वाचून दाखवता का?" आणि ती बाई वाचायला लागते, अडखळत, रडत, मग सावकाश, आणि ती वाचत असताना बाहेर दुसरा माणूस दाराच्या बिजागऱ्या काढतो.

मिस्त्रीने टॅबलेट मांडीवर ठेवला.

"का थांबलास?" आईने डोळे न उघडता विचारलं.

"आई, हे माझं आहे."

"म्हणजे?"

"लिफ्टमध्ये कुणी अडकलं की मी असंच करतो. चष्मा विसरलो म्हणून सांगतो आणि आतली पाटी वाचायला लावतो. मला चष्मा नाहीच. माणसाला काम दिलं की तो घाबरायचं विसरतो. हे मी हिला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. बारा वर्षं झाली असतील."

जेवताना तो दिवसभराचं काय काय सांगायचा, आणि बायको ताटाकडे बघत हं-हं म्हणायची. ही ऐकत नाही, असंच त्याला वाटायचं. आपल्यालाच बडबडायची सवय, म्हणून तो बडबडायचा. आणि तिने ते ऐकलं होतं, जपून ठेवलं होतं, आणि बारा वर्षांनी एका बुडत्या बोटीवर नेमक्या माणसाच्या तोंडी घातलं होतं. एरवी माणूस अडकला, काढला, घरी गेला, एवढंच त्याचं काम. ते कुणी असं बघितलं असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. तो उठून दारापर्यंत गेला. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"तेविसावा झाला," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली.

तो परत येऊन चोविसावा वाचू लागला.

पंधरा दिवसांत अडुसष्ट भाग संपले. आईने शेवटच्या ओळीनंतर थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाली, "पुढे?"

"पुढे नाही लिहिलं अजून."

"नाही लिहिलं म्हणजे काय? आणि लग्न कधी त्या दोघांचं?" तिने सुनेला हाक मारली. "अगं ए! डॉक्टरणीचं लग्न लावायचं नाही का तुला? चांगला माणूस आहे तो!"

"आई, तुम्हीसुद्धा?" बायको आतून म्हणाली.

"मीसुद्धा म्हणजे? आमच्या वेळी मुलगी चोवीसची झाली की घरचे सोडत नव्हते. ही बाई चाळिशीची आहे!"

मिस्त्री हसला, पण त्याच्या मनात दुसरंच काही शिजत होतं. एवढं सुंदर लिहिणाऱ्या बाईला ती माणसं 'झोपलात काय' म्हणतात. झोपली नव्हती ती. त्याच्या आईला धरून संडासाला नेत होती. हे कुणीतरी सांगायला नको?

दुसऱ्या दिवशी दुपारी, एका आठ मजली इमारतीच्या मशीन रूममध्ये डबा खाऊन झाल्यावर, त्याने फोनवर त्या साइटवर खातं उघडलं. नाव दिलं 'तिसरा मजला', कारण समोरच्या पॅनेलवर केबिन तिथेच थांबलेली दिसत होती. आणि त्याने अडुसष्टाव्या भागाखाली लिहिलं. आयुष्यात अर्जापलीकडे काही न लिहिलेल्या माणसाच्या हातून त्या दिवशी वीस ओळी धडाधड उतरल्या. तुम्ही सगळे फुकटे आहात. बसल्या जागी मिळतंय म्हणून माजलात. असं लिहिणारी बाई तुम्हाला सात जन्मांत मिळायची नाही. लायकी नाही तुमची एकाचीही. पुढचा भाग मागायला लाज कशी वाटत नाही? त्याने पाठवायचं बटण दाबलं, आणि एखादी अडलेली केबिन सुटावी तसं त्याला हलकं वाटलं.

ते हलकं वाटणं दीड दिवस टिकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको लॅबमधून आली ती चपला काढून सरळ त्याच्यासमोर बसली. "तिसरा मजला तुम्हीच ना?"

त्याने जीभ चावली. "कसं ओळखलंस?"

"'केबिनमध्ये अडकल्यासारखे कोकलता' असं दुसरं कोण लिहिणार?" तिने टॅबलेट त्याच्याकडे सरकवला. "वाचा."

खाली रणकंदन माजलं होतं. अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं, हा तिसरा मजला म्हणजे स्वतः अक्कलदाढच. खोट्या नावाने येऊन स्वतःचे गोडवे गाते आणि आम्हाला शिव्या देते. "बुरखा फाटला!" असं कुणी लिहिलं होतं. जुन्या खलाशाने लिहिलं होतं, "बोटीतलं कळत नाही ते नाहीच, वर टीका सोसत नाही." ज्यांनी कधी एक वाकडा शब्द लिहिला नव्हता तेही दुखावले होते. आणि सगळ्यांत खाली, 'फक्त वाचते' या नावाने, तीन ओळी होत्या:

"मी तीन वर्षं दर रविवारी बघत होते, नवीन काही आलंय का. कधी विचारलंही असेल. ते मागणं होतं असं मला वाटलं नव्हतं. चुकले. आता त्रास देणार नाही."

"ही बाई," बायको म्हणाली, "पहिल्या भागापासून आहे. प्रत्येक भागाखाली एकच ओळ लिहायची. 'आज पाऊस फार जोराचा होता.' 'परिचारिकेने हात धरला ते बरं केलं.' असं. माझे चारच वाचक होते तेव्हा त्या चारांतली ही एक."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"मला तुझ्यासाठी राग आला," तो म्हणाला.

"माहीत आहे. तुमचा राग खोटा नव्हता. पण तुम्ही खोलीतल्या एका माणसावर ओरडायला गेलात आणि सगळी खोली रिकामी केलीत." तिने कपाळ चोळलं. "आणि मला विचारलं नाहीत. मी तुमच्या लिफ्टला तुमच्या मागे हात लावते का कधी?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "आता काय करायचं? मी लिहितो, माफी मागतो."

"तुम्ही काही लिहू नका, देवाची शपथ." तिला एवढ्यातही हसू आलं. "मी बघते."

पुढच्या रविवारी ती टेबलाशी बसली. मिस्त्री दाराच्या चौकटीत घुटमळत होता. ती लिहायची, खोडायची, परत लिहायची. मेणाचा दात कोरताना जसा खालचा ओठ दाताखाली धरायची तसाच धरला होता. दुपारी तिने त्याला बोलावलं आणि म्हणाली, "तुमच्याबद्दल आहे, म्हणून आधी तुम्ही वाचा. नको म्हणालात तर नाही टाकणार."

तिने लिहिलं होतं:

"तिसरा मजला हे माझे यजमान. लिफ्टचं काम करतात. तेविसाव्या भागातली पाटीची युक्ती त्यांची आहे, ज्यांना आवडली त्यांनी त्यांचे आभार मानावेत. परवाचा राग त्यांचा होता, गोष्ट माझी आहे, आणि दोन्हींची गल्लत नको. ज्यांना त्यांचे शब्द लागले त्यांची मी मनापासून माफी मागते.

आता माझं. घरी आजारपण होतं म्हणून लिहिलं नाही. आजारपण नसतं आणि नुसतं सुचलं नसतं, तरी लिहिलं नसतं. मी दात बनवते. तिथे मी ऑर्डर घेते. त्याला माप असतं, तारीख असते, डॉक्टरची सही असते, आणि चुकलं तर मी परत करून देते. या गोष्टीला यांतलं काही नाही. ही मी तुम्हाला देते आहे, विकत नाही. वाट बघता याचा मला फार आनंद आहे. विचारलंत तरी आनंद आहे. हुकूम केलात तर मात्र तो मी वाचेन आणि पुढे जाईन.

डॉक्टरीण आणि तांडेल यांचं लग्न होणार नाही. हे मी पहिल्या दिवसापासून जाणते. तुम्हाला आशेवर ठेवणं बरं नाही, म्हणून आजच सांगते.

जुना खलाशी, तुम्ही मला मूर्ख म्हणालात ते मला आवडलं नाही. पण सहासष्टाव्या भागात तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मी तो भाग नव्याने लिहिलाय. पुन्हा वाचून कळवाल का?"

मिस्त्रीने दोनदा वाचलं. "त्या माणसाला तू विचारतेयस? ज्याने तुला मूर्ख म्हटलं?"

"हो, पण सुकाणू त्याचंच बरोबर होतं."

आणि तिने समजावून सांगितलं. सहासष्टाव्या भागात बोटीचं इंजिन बंद आहे, पुराबरोबर ती वाहत पुलाकडे चाललीय, आणि तांडेल सुकाणू फिरवून तिला दोन खांबांच्या मधून काढतो. खलाशाने शिव्यांच्या मध्ये एक वाक्य लिहिलं होतं, की बोट पाण्याच्याच वेगाने वाहत असेल तर सुकाणूला पाणी लागतच नाही, ते नुसतं हवेत हलवल्यासारखं. तिने शोधून शोधून वाचलं, तर खरंच तसं होतं. मग तिने तांडेलाला नांगराची साखळी थोडी सोडायला लावली. नांगर रुतू द्यायचा नाही, तळाला नुसता घासत ठेवायचा. त्याने बोट पाण्यापेक्षा हळू होते, पाणी मागून सुकाणूला धडकतं, आणि सुकाणू चालतं.

मिस्त्री यंत्रातला माणूस. त्याने डोळे मिटून ते मनातल्या मनात चालवून बघितलं आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "वा!" आधीच्यापेक्षा हे कितीतरी सरस होतं. आधी तांडेल नुसता धीट होता, आता तो आपल्या कामातला जाणता माणूस झाला होता. ज्या वाक्यावर मिस्त्रीचं रक्त उकळलं होतं, त्याच वाक्यातून तिने चिखल झटकून तेवढं कामाचं उचललं होतं. असं आपल्याला सात जन्मांत जमायचं नाही, हे त्याला अगदी स्वच्छ कळलं.

"टाक," तो म्हणाला.

तिने टाकलं. मग 'फक्त वाचते' हिला वेगळं, खासगी पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते तिने त्याला दाखवलं नाही, आणि त्यानेही या खेपेला विचारलं नाही.

काही जण दारं आपटत गेले. लग्न नाही तर आम्हीही नाही, असं दोनशे-तीनशे जणांनी तरी जाहीर केलं. एकीने तर त्या दोघांचं लग्न स्वतःच लिहून टाकलं, अगदी थाटामाटात, आणि बायकोने ते वाचून खाली लिहिलं, "छान झालं लग्न. डॉक्टरीण खुश दिसली." मिस्त्रीने तोंडात बोटं घातली.

घरातली वाचक मात्र सगळ्यांत अवघड निघाली. लग्न होणार नाही हे कळल्यावर आईने दोन दिवस सुनेशी अबोला धरला. पाय वर करायचा, पाय खाली करायचा, पण तोंड भिंतीकडे. तिसऱ्या दिवशी व्यायाम चालू असताना तिलाच राहवलं नाही.

"का नाही करायचं गं तिने?"

बायकोने तिचा पाय सावकाश खाली ठेवला. "आई, त्या दोघांना एकमेकांचं काम आवडतं. त्याने सुकाणू धरलं की ती निर्धास्त सुई टोचते. लग्न केलं तर लोक म्हणतील, चला, यासाठीच होतं सगळं. त्यासाठी नव्हतं ते."

"तुझे सासरे मला एकदाही म्हणाले नाहीत, की तू शिवतेस ते छान शिवतेस," म्हातारी म्हणाली. "चाळीस वर्षं मी गावभराचे कपडे शिवले." मग तिने स्वतःहून दुसरा पाय पुढे केला. "लिही तुला हवं तसं. पण लवकर लिही."

एकोणसत्तरावा भाग तीन आठवड्यांनी आला. त्यात पूर ओसरतो. डॉक्टरणीला खालच्या खोऱ्यासाठी दुसरी बोट मिळते, आणि तांडेल तिच्या नव्या बोटीचं सुकाणू स्वतः तपासून, दोनदा तपासून, तिच्या ताब्यात देतो आणि काठावर उतरतो. बस, एवढंच. मिस्त्रीने तो आईला वाचून दाखवला. आईने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मला सर्दी झालीय."

दुसऱ्या दिवशी खाली जुन्या खलाशाने लिहिलं, "लग्न न लावणं ही घोडचूक आहे. मात्र नांगराचं आता बरोबर. मी तेवीस वर्षं नदीवर मालवाहू बोट चालवली, आम्ही असंच काढायचो. हे कुणी कधी लिहिलेलं वाचलं नव्हतं." त्याच्या चार दिवसांनी एक ओळ आली, 'फक्त वाचते' हिची: "नवी बोट हिरवी आहे ते आवडलं."

ती ओळ दिसली तेव्हा बायको लॅबमध्ये होती. तिने हातातलं मेण बाजूला ठेवलं आणि त्याला फोन केला. नुसती ती ओळ वाचून दाखवली.

मिस्त्री तेव्हा एका जिन्यात उभा होता. फोन ठेवल्यावर तो तिथेच पायरीवर बसला आणि त्याने 'तिसरा मजला' उघडला. या वेळी हात धडाधड चालला नाही. उत्तम, असं लिहिलं आणि खोडलं, कारण उत्तम तर कुणीही म्हणेल. अप्रतिम, तेही खोडलं. वरून एक बाई उतरत आल्या, त्याला ओलांडून गेल्या, भाजी घेऊन परत आल्या तरी तो तिथेच. शेवटी त्याने लिहिलं:

"तांडेल सुकाणू दुसऱ्यांदा तपासतो, तेव्हा त्यात काही बिघाड नसतो, हे त्याला माहीत असतं. तरी तपासतो. मी पण असं करतो. हे तुम्हाला कसं कळलं?"

त्याने ते एकदा वाचलं, शुद्धलेखन बघितलं, आणि पाठवून दिलं.